किमान तापमान

मावशीने अंगणातल्या हवामानाच्या पेटीचं दार दोन बोटांनी उघडलं. थर्मामीटरमधली किमान तापमानाची खूण एकतीसवर थांबली होती. तिने मान वाकवून डोळा त्या पातळीवर आणला, पुन्हा पाहिलं आणि वहीत लिहिलं : ३१.०.

"ट्रान्सफॉर्मर पाहून आलीस?" तिने न वळता विचारलं.

"हो. सकाळचे आठ वाजलेत आणि अजून हात लावू देत नाही." भाची वीज कंपनीत इंजिनिअर होती, ही गल्ली तिच्याच विभागात यायची. "बसवला तेव्हा पंचवीस घरांत पंखे नि चार फ्रीज होते. आता अठरा एसी आहेत. पूर्वी पहाटेपर्यंत निवायचा तरी. आता त्याला उसंतच नाही."

"पगार वाढलेत लोकांचे. घेणारच."

"घेऊ देत की. पण दुसरा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा कुठे?"

गल्लीत मोकळी जागा एकच होती : मावशीच्या अंगणाचा हा कोपरा. तिथे चार पायांवर ही पांढरी, झडपांची पेटी उभी होती. काकांनी सुरू केलेली नोंद त्यांच्यामागे मावशीने एक दिवसही चुकवली नव्हती. ट्रान्सफॉर्मर शेजारी आला की पेटी त्याचीच ऊब मोजेल, असं ती दोन वर्षं सांगत होती. भाचीला ते खोडून काढता येत नव्हतं.

"समोरचे म्हणतात, म्हातारी कोपऱ्यावर नाग होऊन बसलीय."

"म्हणू देत. एसीत बसूनच म्हणतात ना?"

भाचीला हसू आलं. तिने वहीची मागची मागची पानं उलटत नेली. काकांच्या अक्षरात याच महिन्याच्या पहाटा होत्या : २६.०, २५.५, २६.५.

"नात राहिली का गं यंदा?"

"तीन दिवस. चौथ्या दिवशी म्हणाली, आजी, तुझ्याकडे उकाड्याने झोपच लागत नाही."

मावशीने पेटीचं दार लावलं. कडी घालता घालता थांबली. दार पुन्हा उघडून तिने थर्मामीटर खुंटीवरून काढला, रुमालाने पुसला आणि भाचीच्या हातातल्या वहीवर आडवा ठेवला.

"नीट धर, फुटेल. उद्यापासून नोंद नाही. कोपरा घे तुझ्या ट्रान्सफॉर्मरला." ती रिकाम्या पेटीकडे पाहत होती. "आणि एकोणिसावा एसी माझा लिही."