डोक्याशी

कवळी वाटीतल्या पाण्यात बुडालेली होती, वरच्या दातांना हवेचा एक बुडबुडा चिकटलेला — आणि ती बघताना प्रतिभाच्या मनात आलं ते एवढंच, की कवळी काढली की गाल आत जातात, मास्क तोंडावर नीट बसत नाही, कडेनं प्राणवायू निसटतो. मग तिला जाणवलं, की ही कवळी अण्णांची, आपल्या सासऱ्यांची, आणि आपण बाग सेवनियाच्या घरात चहा टाकायला उभ्या आहोत. ऑपरेशन थिएटरमध्ये नाही. शुक्रवारपासून कुठल्याच थिएटरमध्ये नाही.

इतकी वर्षं लोकांना भूल दिली. आता एप्रिलपासून मिसरोदच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचं. नवऱ्याला, तुषारला, हे माहीत होतं. सासूबाईंनाही. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या होत्या, की सातवीची पोरं विज्ञानाच्या तासाला आपली आपणच झोपतात, त्यासाठी डॉक्टर कशाला हवी. फक्त अण्णांना सांगायचं नव्हतं. उद्या त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. ते पार पडू दे, मग बघू, असं तुषारनं ठरवून टाकलं होतं.

जो तो विचारायचा, कुठली केस बिघडली? कुठलीच नाही — आणि हेच कुणाला पटत नव्हतं. ती साधीशी दुपार... मॉनिटरचा सूर, रक्तातला प्राणवायू घटला की जो खाली खाली उतरतो, तो उतरत होता आणि मी ऐकत होते. नुसती ऐकत होते, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तशी. मग हात पुढे गेले, नळी सरकली होती ती त्यांनी जागेवर आणली, सूर चढला; सर्जननं मानही वर केली नाही. संध्याकाळी रुग्ण चहा मागत होता. पण मधल्या त्या क्षणांत माझ्यात भीती नव्हती. एरवी असायची — पोटात, गार, मुठीएवढी — तिच्याच जोरावर तर मी जागी राहायचे. ती कधी उठून गेली, कळलंच नाही... हे राजीनाम्यात कसं लिहायचं? तिनं ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलं.

अण्णा येऊन टेबलाशी बसले. कवळीविना त्यांचे शब्द ओले, पसरट येत होते. उद्या किती वाजता निकलना आहे, उपाशी म्हणजे पाणीही बंद का, असं विचारून झालं. नागपूरहून इथल्या सचिवालयात आल्यावर हिंदी त्यांच्या मराठीत मुरली होती. मग कप बशीत ठेवून, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “डोक्याशी तूच असशील ना?”

घरच्या माणसाला आम्ही भूल देत नाही, तिनं सांगितलं. दीप्ती आहे, तिचा हात फार चांगला आहे.

“असेल. पण मी त्या दीप्तीला ओळखत नाही. आणि मला डर लागतो, बेटा. तुझ्या सासूला सांगू नकोस, आयुष्यभर ऐकवेल.”

आणि तिनं काही म्हणायच्या आतच त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले, तोंड उघडलं. बघून घे, म्हणाले, रस्ता मोकळा आहे का.

आता सांगावं. आता, हे डोळे मिटलेले आहेत तोवर... ती वाकली. हनुवटीखाली बोटं ठेवली. मान मागे गेल्यासारखी वाटत होती, पण गेली नव्हती; आखूड, ताठर मान, घशाची मागची बाजू दिसतच नव्हती. नळी घालायला अवघड — दीप्तीला आजच फोन करायला हवा, कॅमेऱ्याचं साधन हाताशी ठेव म्हणावं. विचार एकामागून एक रांगेत येत गेले, आणि ती त्या भीतीची वाट बघत राहिली. हे अण्णा आहेत, तिनं स्वतःला सांगितलं, नातीला, जुईला, खांद्यावर घेऊन गच्चीत फिरणारे अण्णा. बोटं स्थिर होती. पोटात काहीच हललं नाही.

“अं?” उघड्या तोंडानंच त्यांनी विचारलं.

“मी असेन, अण्णा. काही काळजी करू नका.”

आवाज खालच्या पट्टीतला, संथ, ऊबदार. या आवाजावर माणसं डोळे मिटायची... अण्णांचे खांदे सैल झाले, मानेचं सगळं ओझं त्यांनी तिच्या हातात सोडलं. ते शब्द आपण ठरवून बोललो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. तो आवाज तिला विचारायला थांबलाच नव्हता. हात काढून घ्यावा की तसाच ठेवावा, तिला कळेना. त्या आवाजाची तिला भीती वाटली.