छतावरून उतरलेली बावीस नंबर

मी बावीस नंबरची बास्केटबॉलची जर्सी बोलतेय. आवाज कापतोय, सांभाळून घ्या; काल जे घडलं त्यातून मी अजून सावरलेले नाही.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजसाठी मला शिवलं. पहिल्यांदा मला अंगात घातलं ते वर्नाने. उंचपुरी, बडबडी पोरगी. बॉल हातात आला की तिला भूक-तहान सुचत नसे. एका सामन्यात ती उडी मारून खाली आली आणि गुडघ्यात कटकन आवाज झाला. तिची किंकाळी माझ्या धाग्याधाग्यातून गेली. पुढच्याच आठवड्यात मला धुऊन संघात नव्याने आलेल्या मार्लिसला दिलं, कारण कॉलेजकडे जास्तीची जर्सी नव्हती.

मार्लिसने माझं सोनं केलं. पुढे ती व्यावसायिक खेळाडू झाली. उन्हाळा इथल्या लीगमध्ये, हिवाळा तुर्कस्तानात. कॉलेजने तिच्या नावाने मला दोरीवर चढवून हॉलच्या छताला टांगलं. इथली रीतच तशी: जर्सी वर गेली की तो नंबर पुन्हा कुणी घालायचा नाही. वर्नाचं नाव कुणी काढलं नाही. मीही वर धूळ खात मोठेपणा मिरवत राहिले.

खेळणं थांबवून मार्लिस इथेच कोच झाली. यंदा संघात टेसा आली, वर्नाची मुलगी.

"नंबर कुठला देऊ गं?" मार्लिसने विचारलं.

"तेवीस चालेल, कोच."

"शाळेत कुठला होता?"

टेसा बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिली. "बावीस. आईचा. पण तो आता तुमचा ना."

मार्लिस मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मला दरदरून घाम फुटला.

काल घरच्या हॉलमधला पहिला सामना. सगळ्यांसमोर मार्लिसने दोरी सोडली. मी खाली येऊ लागले तशा सगळ्यांच्या माना वर झाल्या. "डोकं फिरलं काय हिचं!" कुणीतरी पुटपुटलं. मला वाटलं, झालं, आता आपली रवानगी फरशी पुसायला.

ती मला घेऊन प्रेक्षकांतल्या पायऱ्या चढली, थेट लेकीचा सामना बघायला आलेल्या वर्नासमोर. खाली टेसाने जाकीट काढलं. आत नवीकोरी बावीस होती.

वर्नाचा हात गुडघ्यावर गेला. "हे काय करतेस, मार्लिस?"

"तुझी आहे ही. मी फक्त पुढे खेळले."

वर्नाने मला नाकाशी धरलं. "इतकी वर्षं टांगलीस, एकदा धुवायची तरी होतीस गं," म्हणाली आणि माझ्यातच तोंड खुपसून रडली.

सामनाभर मी तिच्या त्याच गुडघ्यावर होते. टेसा उडी घ्यायची तेव्हा वर्ना मला मुठीत आवळायची. मला पुन्हा वर टांगू नका. आणि पोरगी दर वेळी दोन्ही पायांवर नीट उतरू दे, एवढंच माझं मागणं.