वाईटाची यादी

नवऱ्याच्या साठीला तिच्याच भावानं एक पुस्तक भेट दिलं आणि तिच्या सकाळच्या चहाची पार वाट लागली. नवरा घरोघरी, शाळांत जाऊन पियानो सुरात लावून द्यायचा. आता त्या पुस्तकात म्हणे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शहाण्यांनी सांगून ठेवलं होतं, की दिवसभरात काय काय वाईट होऊ शकतं ते सकाळीच मनात आणावं, म्हणजे घडल्यावर माणूस कोलमडत नाही.

झालं! पहिला घोट घेतला की यादी सुरू.

"आज तार तुटेल. बस चुकेल. पियानोत उंदरानं घर केलेलं असेल."

"अहो, सकाळी सकाळी अभद्र बोलू नका."

"बोलल्यानं काही होत नसतं. ही तुझी अंधश्रद्धा."

भावावर ती दातओठ खायची, पण खरं सांगायचं तर तिला त्या यादीची गोडी लागली होती. आज उंदरापर्यंत पोचलेला माणूस उद्या कुठवर जाईल?

कामाचे फोन तीच घ्यायची. एका मंगळवारी शाळेतल्या संगीतशिक्षिकेचा फोन आला. "काकू, रागावू नका, पण वरच्या टोकाचे सूर याही वेळी बेसूर राहिलेत." वरचे बारीक सूर याला ऐकूच येत नसतील का, अशी शंका तिला आली. तीस वर्षं ही शाळा त्याच्याकडे होती. तिनं निरोप शब्दन्‌शब्द सांगितला. "हवा दमट आहे," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती कान टवकारून बसली. कुत्रा चावेल, चाव्या हरवतील, पाय मुरगळेल. कानाचं नाव नाही. आठवडाभर नाही. याला खरंच कळलेलं नाही, की कळूनही हा गप्प आहे? तिला राहवेना. शेवटी तिनं ओव्हनसाठी वापरायचं गजराचं छोटं घड्याळ त्याच्या कोपराशी ठेवून लावलं. ते बारीक आवाजात किंचाळत राहिलं आणि हा शांतपणे पेपर वाचत राहिला.

"आजची यादी मी सांगते," ती म्हणाली. "तुमचा कान गेला असेल."

त्यानं पेपर खाली ठेवला.

"रोज मनात येतं ते. बोललो तर खरं होईल, असं वाटतं."

आणि अंधश्रद्धा म्हणे तिची! तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

"कान माझ्या हातात नव्हता," तो म्हणाला. "शाळेला सांगणं हातात होतं. तेच मी टाळलं." त्यानं स्वतः फोन लावला. दोन मिनिटांत ठेवलाही.

"काय म्हणाल्या?"

"दुसरा माणूस कालच येऊन पियानो लावून गेला."

"मग? आधी मनात आणलं होतंत ना? कमी लागलं का?" टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही गं. लागायचं तेवढं लागलंच."

मग तो उठून बाहेरच्या खोलीतल्या पियानोशी बसला आणि उजवीकडची शेवटची पट्टी दाबली. "मला नुसती लाकडाची टकटक ऐकू येते. तुला काय ऐकू येतं?"

पस्तीस वर्षांच्या संसारात त्यानं सुराबद्दल तिला कधी काही विचारलं नव्हतं. तिनं कान जवळ नेला.

"टकटक आहेच. पण मागून बारीक काहीतरी... काचेचा मणी फरशीवर पडावा तसं."

"आणि विरताना? थरथरतं?"

"पुन्हा वाजवा."

त्यानं वाजवलं.

"हो. थरथरतं."

"म्हणजे या एका सुराच्या तिन्ही तारा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत," तो म्हणाला आणि सरकून त्यानं तिला शेजारी जागा करून दिली.