दौलतरावांचा वाटा

कुळगावात शिकार झाली की वडाखाली सागाची पानं मांडून मटणाचे वाटे पडायचे. बंदूकवाल्याला मुंडी, रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांना सारखे वाटे, आणि कुत्र्यांचाही एक. म्हातारा हाकेकरी घरी बसला तरी मरेपर्यंत वाटेकरी, ही गावाची रीत. आता घरी बसलेल्या दौलतरावांचा वाटा त्यांचा शिकारीतला सोबती हिंदुराव स्वतः आणून द्यायचा.

मग दौलतरावांच्या पायांवर सूज चढली. अंबरनाथच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं थकल्याचं सांगून मीठ आणि मटण दोन्ही तोडलं. अंजनीने मिठाची बरणी उंच फळीवर ठेवली. पण नवऱ्याला ती ओळखून होती. रानडुकराचा वास आला की हा माणूस पथ्यबिथ्य गुंडाळून ठेवणार. म्हणून तिने हिंदुरावला गुपचूप सांगितलं, वाटा धाडू नका.

शिमग्याच्या आधी डुक्कर पडलं. दौलतराव सकाळपासून ओट्यावर बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला जुन्या गोष्टी ऐकवत होते: फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी मंडळी यायच्या आधीचं बारवीचं रान, आणि जखमी डुकराने त्यांना झाडावर चढवलं तो दिवस. दुपार कलली. शेजारी फोडणी पडली, वास आला, वाटा आला नाही.

"कुत्र्यांचा बी वाटा निंगला," ते हळूच म्हणाले. "मला जितेपनीच मेल्यात काढला गं."

जेवण तसंच राहिलं. मटणासाठी हटून बसले असते तर अंजनीने खडसावलं असतं. हे मात्र तिला सोसवेना. तिने सरळ सांगून टाकलं की नको म्हणणारी मीच.

दुसऱ्या दिवशी ती अंबरनाथला जाऊन डॉक्टरांशी भांडून आली. डॉक्टर हसले, मग म्हणाले, कधीतरी सुपारीएवढे दोन तुकडे, उकळून पाणी फेकलेले, रस्सा नाही, मीठ नाही.

पुढच्या शिकारीचा वाटा हिंदुराव घेऊन आला तेव्हा दौलतरावांनी पान दोन्ही हातांनी घेतलं, उघडून नीट पाहिलं आणि आधी शेजाऱ्यांचं काढून दिलं. अंजनीने उरलेलं बिनमिठाचंच शिजवलं आणि स्वतःही तेच वाढून घेतलं. दौलतरावांनी दोन तुकडे चघळत चघळत खाल्ले.

"चव नाय," ते म्हणाले, "पन माझा हाये."

असे काही वाटे आले. मग एका पावसाळ्यात दौलतराव गेले.

त्यानंतरच्या पहिल्या शिकारीला हिंदुराव दारात पान घेऊन उभा राहिला. अंजनी म्हणाली, भावजी, आता कोणाचा? रीत मरेपर्यंतची.

"रीत रानातली, वयनी. हा आमच्याकडून."

तिने चूल पेटवली, मटण शिजवलं, पान वाढलं. पहिला घास तोंडात गेल्यावर तिला कळलं, मिठाची बरणी अजून वरच्या फळीवरच होती. ती उठली नाही. तसंच जेवली.