तीन सह्या

तिनं जॅकेटच्या छातीवरचा सेन्सर नीट बसलाय ना ते अंगठ्यानं चाचपलं आणि हात बाजूला केला. समोरून प्रकल्पातल्या जोडीदारानं खेळण्यातल्या बंदुकीचा खटका ओढला. जॅकेट थरथरलं, लाल दिवा लागला.

"गेल्या बाई!" बाहेरून आलेले परीक्षक खुशीत म्हणाले. "खिडकीतून एवढं ऊन येतंय, तरी नेम लागतो. कसा काय रे?"

जोडीदारानं तिच्याकडे पाहिलं.

"ऊन सलग असतं, सर," ती म्हणाली. "बंदुकीतला प्रकाश सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकतो. सेन्सर तेवढाच ओळखतो. शिवाय त्याला काळी नळी लावलीय."

तेराव्या नळीला जमलं होतं ते. दुपारी बाळ झोपलं, की सोल्डरचा धूर त्याच्या नाकात नको म्हणून ती गॅलरीत दार ओढून बसायची. कान मात्र आत.

परीक्षकांनी प्रयोगशाळेची हजेरीवही ओढली. जोडीदाराच्या एकवीस सह्या, तिच्या तीन.

"तीनच दिवस आलात?"

"घरी केलं, सर. बाळ लहान आहे."

"घरी? मग मिस्टरांनी करून दिलं म्हणा की!"

जोडीदारही हसला. ती थांबली. एक वाक्य त्याच्याकडून यायला हवं होतं. तो वायर गुंडाळत राहिला.

"सर्किट मीच केलंय, सर."

"अहो, पाठांतर छान आहे, नाही कुठे म्हणतोय?" ते त्याच्याकडे वळले. "ताईंची तयारी बरी करून घेतलीस."

बाळंतपणात तिचं एक वर्ष गेलं होतं. साठ मिळाले तरच नोकरीच्या मुलाखतीला बसता येणार होतं. गुणांचा कागद तिच्या बाजूनं उलटा होता, पण उलटे आकडेही वाचता येतात. ब्याण्णव. चाळीस.

"पास झालात ना, ताई? सुटलात एकदाच्या," जोडीदार व्हरांड्यात म्हणाला.

"तू बोलला का नाहीस?"

"त्यांचा नूर बघितलात ना? दोघांनाही झोपवलं असतं." त्यानं बंदुका आणि जॅकेट पिशवीत कोंबून तिच्या हातात दिलं. "न्या. बाळाला खेळायला होईल."

"आणि माझी सर्किटची वही?"

"ती राहू दे. मला मुलाखतीत दाखवायला लागेल." निघता निघता तो म्हणाला, "अक्षर तुमचं आहे, पण काळजी नको. मी उतरवून काढतो."