पंधरावी लाईट

मार्गासनीच्या एका रिकाम्या गोदामात दीडशे माणसं मांडी घालून बसली होती आणि सगळ्यांचे कान एका पिवळ्या पेटीकडे लागले होते. पेटी वीतभर लांब. ती 'टिक्' म्हणाली की बायका हात जोडायच्या, 'टिक्‌टिक्' म्हणाली की पदर डोळ्यांना लावायच्या. आणि तिनं फटाक्यांसारखी लडच लावली, की पुढच्या रांगेतून कुणीतरी "माउलीऽ" म्हणून ओरडायचं. पेटी धरणाऱ्याचं नाव किरणनाथ महाराज. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षांवर डॉक्टरची नळी. तासाभरात ती नळी त्यानं एकदाही कानाला लावली नाही.

"मायबापांनो!" महाराज गरजले. "दवाखानेवाले लाईट देतात. पंचवीस लाईटी, तीस लाईटी! देतात, पण काढतात का? डिस्चार्ज कार्ड हातात देतात, अंगातली लाईट डिस्चार्ज करतात का? मोबाईल रात्रंदिवस चार्जिंगला लावला तर काय होतं?"

"फुटतोऽ!" गोदाम ओरडलं.

"मग माणूस?"

दीडशे जणांनी एकदम सुस्कारा सोडला. भोरहून स्वतःच्या गाडीनं आलेले प्रद्युम्नराव, चांगले इंजिनिअर माणूस, मोबाईलवर हे सगळं टिपत शेजाऱ्याला सांगत होते, "यात सायन्स आहे हं. रीडिंग येतंय ना मशीनवर." अडाण्याला फसवायला निदान भूत तरी उभं करावं लागतं. शिकलेल्याला एक पेटी पुरते.

मी तिथं गेले होते ती माझ्या आत्यासाठी. माझं नाव प्रेरणा. पुण्यात वैद्यकीय भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या चुलत्यांच्या मते, डॉक्टर व्हायला जमलं नाही म्हणून पोरगी दवाखान्यातली मशिनं पुसायला लागली. खरं काम असं की कर्करोगावर किरणांचा उपचार देतात तेव्हा किरणं किती, कुठून आणि कोणत्या कोनातून सोडायची याचा हिशेब आम्ही मांडतो. रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी यंत्र ठरल्याइतकंच देतंय ना, हे मोजून बघतो. हे सगळं शिकून पुढं वर्षभर दवाखान्यात उमेदवारी करायची, मग नोकरी.

रतनआत्या वेल्ह्याकडची. तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कर्करोग होता. मी शिकते त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी पंचवीस वेळा किरणं द्यायचं ठरवलं होतं. दवाखान्यात त्याला सगळेच 'लाईट' म्हणतात, आम्हीसुद्धा. चौदा लाईटी झाल्या आणि पंधरावीला आत्या आलीच नाही. मध्ये अकरा दिवस गेले. शेवटी फोन लागला तेव्हा म्हणाली, "आता न्हाई येत म्या. पोटात नुसती आग व्हतीया. किरणनाथांकडं लाईट काढून घ्यायला चाललेय."

पोटातली आग खरी होती. उपचारात तसं होतं आणि त्यावर औषधही असतं. पण हा उपचार अर्ध्यात सोडला की रोगाला डोकं वर काढायला उसंत मिळते. एकेक दिवस महत्त्वाचा असतो. म्हणून रविवारी सकाळची एसटी पकडून मी त्या गोदामात आत्याशेजारी येऊन बसले.

महाराजांची रीत अशी होती. समोर एक पाट, त्यावर लाल मखमली गादी. रुग्ण गादीवर बसला की महाराज पेटी त्याच्या कमरेमागं नेत. टिक्‌टिक्‌टिक्! मग त्याच्यावरून सात वेळा लिंबू उतरवून गादीवर ठेवत, रुग्णाला उठवून बाजूला उभा करत आणि पुन्हा पेटी लावत. पेटी गप्प. तीच पेटी गादीवरच्या लिंबाला लावली की पुन्हा टिक्‌टिक्‌टिक्! लाईट लिंबात उतरली! लोक टाळ्या वाजवत.

पहिली बाई आली, तिला छातीचा आजार. लाईट निघाली कमरेपाशी. दुसरे गृहस्थ शिवऱ्याचे, त्यांना घशाचा. लाईट कमरेपाशी. तिसऱ्याच्या डोक्यावर उपचार झाले होते, त्याचीही लाईट खाली घसरत घसरत कमरेवरच येऊन बसली होती. मला हसू आवरेना. आत्यानं कोपर मारलं.

चौथा नंबर आत्याचा होता. तिच्याआधी मीच उठले.

"महाराज, मी रोज लाईटच्या मशिनपाशी काम करते. माझी आधी बघा."

महाराजांचे डोळे चमकले. मला बसवून पेटी मागं नेली आणि लड लागली. "बघा! मशीनवाल्यांचीच ही गत! बारा वर्षांची लाईट साठलीय पोरीत!"

"मला तिथं जाऊन चौदा महिने झालेत," मी म्हणाले.

लोकांत खसखस पिकली. महाराजांनी घाईघाईनं लिंबू उतरवून गादीवर ठेवलं. मी उठले, लिंबू उचललं आणि थेट गोदामाच्या दारात जाऊन उभी राहिले. "आता इथं येऊन लावा पेटी."

"जागा सोडली की सिद्धी भंगते."

"पेटीला कसली आलीय सिद्धी? किरणं मोजायचं साधं यंत्र ते, मोबाईलवरून मागवलं की घरपोच येतं."

पुढच्या रांगेतल्या कुंडलिक नावाच्या एका पोरानं पेटी महाराजांच्या हातातून अलगद काढून आणली. लिंबाला लावली. एक टिक् झाली, बऱ्याच वेळानं दुसरी. तेवढी तर कुठंही होते, दगडामातीतूनही थोडी किरणं येतच असतात. मग मी कुंडलिकला पेटी रिकाम्या गादीवर धरायला सांगितलं. ना माणूस, ना लिंबू. पेटीनं लड लावली.

मागच्या रांगा गादी बघायला उठून उभ्या राहिल्या. महाराज मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हात वर केले. "भक्तांनो! हजारोंची लाईट या गादीनं पोटात घेतलीय! मायमाउली आहे ती गादी!"

आणि, काय सांगू, निम्म्या लोकांनी गादीला हात जोडले. प्रद्युम्नरावांनीही जोडले. मला त्या महाराजांचा आला नाही एवढा संताप त्या जोडलेल्या हातांचा आला. मी गादी उलटी केली आणि मागच्या कडेची शिवण दातांनी तोडली. आतून पांढऱ्या सुती जाळीच्या पिशव्यांची एक चवड खाली पडली.

"आरं, ही तर मेंटलं!" मागून गेनूतात्या उठले. तात्यांनी उभा जन्म लग्नाच्या वरातींना गॅसबत्त्या भाड्यानं दिलेल्या. "बत्तीत बांधायची मेंटलं हायती ही! गेल्या साली ह्यांचाच माणूस माझ्याकडनं समदी जुनी मेंटलं घिऊन गेला. म्या म्हनलं, महाराजांच्या मठात लाईट जात आसंल."

"तात्या, एखादं उरलंय का?"

"हाय की एक पाकीट. अजून फोडल्यालं न्हाई."

तात्यांचं घर गोदामामागंच. ते पाकीट घेऊन आले. त्याच्यावर कुणी भक्त बसला नव्हता, कुणी लिंबू ठेवलं नव्हतं. कुंडलिकनं पेटी लावली. टिक्‌टिक्‌टिक्!

"या जुन्या जाळ्यांना थोरियम नावाच्या धातूच्या क्षारात बुडवायचे," मी सांगितलं, "बत्तीचा उजेड पांढराशुभ्र पडावा म्हणून. थोरियममधून आपोआप किरणं निघतात. अगदी थोडी, पण पेटीला ऐकू येतात. गादीजवळ पेटी नेली की वाजते, लांब नेली की थांबते. महाराज तुमची कंबर मोजत नव्हते, तात्यांची मेंटलं मोजत होते."

"म्हंजी मेंटल आमीच," कुंडलिक म्हणाला. हशाचा स्फोट झाला. तेवढ्यात कफनी सावरत महाराज मागच्या दारानं टेम्पोत चढले. गळ्यातली नळी घसरून पाटावरच राहिली. प्रद्युम्नराव मोबाईलमधली चित्रफीत पुसत होते.

मी विजयी मुद्रेनं आत्याकडं वळले. ती जागची हलली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा लबाड निगाला, ते कळलं. पन माज्या अंगातली चौदा लाईटी आता कोन काढनार गं?"

सहा महिन्यांपूर्वी तोंडी परीक्षेत सरांनी हाच प्रश्न विचारला होता, बाहेरून दिलेली किरणं रुग्णाच्या अंगात राहतात का? मी फाडफाड इंग्रजीत उत्तर देऊन पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आणि चौदा दिवस माझी सख्खी आत्या त्याच यंत्राखाली झोपत होती, तिला मात्र हे एक वाक्य मराठीत सांगायचं मला सुचलं नव्हतं. 'लाईट' हा शब्द आम्हीच तिच्या हातात दिला आणि पुढचं सांगायचं सोडून दिलं. ती रिकामी जागा किरणनाथानं भरली. महाराजांना हसणाऱ्या मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

गोदामाच्या टोकाला बिनखिडकीची खोली होती. आत्याला तिथं नेलं, दार लावलं आणि ट्यूबलाईट लावली.

"आत्या, उजेड पडला?"

"व्हय."

मी बटण बंद केलं. अंधार झाला. "आता उजेड कुठल्या कोपऱ्यात साठलाय? भिंतीत? तुझ्या लुगड्यात?"

"साठंल कशाला? बटन बंद, उजेड गेला."

"तुझी लाईटही तशीच. मशीन बंद झालं त्याच क्षणी ती संपते. रोगाच्या पेशींना इजा करून जाते, पण अंगात थांबत नाही. आग होते ती त्या इजेची, उन्हातून आल्यावर कातडी चुरचुरते ना, तशी. ऊन काही अंगात भरून राहत नाही."

अंधारातच ती म्हणाली, "हे आधी का न्हाई सांगितलं?"

मी "चुकले" म्हणाले.

सोमवारी आत्या पहिल्या एसटीनं पुण्याला आली. डॉक्टर रागावले, मग बुडालेल्या दिवसांची भरपाई कशी करायची यावर किरणांचा हिशेब शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी नवा हिशेब मांडला. तरी त्या अकरा दिवसांचं पुढं काय होईल, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. त्या कफनीवाल्याबद्दल माझ्या मनात दया नाही ती याचसाठी. गादी फाडून लबाडी सापडते, दिवस परत सापडत नाहीत.

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून नव्हे, ठणकावून सांगते. चमत्कार दिसला की आधी वस्तू जागेवरून हलवून बघा. माउली जागेला चिकटून राहत असेल तर गादी उसवा. दवाखान्यातला शब्द कळला नाही तर आम्हाला धरून विचारा. आणि आम्ही शिकलेल्यांनी, विचारायची वाट न बघता, सांगावं.

पंधरावी लाईट झाली. आत्या टेबलावरून उतरून बाहेरच्या बाकावर आली. तिथं एक नवी बाई घाबरून बसली होती. आत्यानं तिचा हात धरला आणि भिंतीवरच्या बटणाकडं बोट दाखवलं.

"ते बंद कर बरं जरा," ती म्हणाली. "आता सांग, उजेड कुठं ऱ्हायला?"