पंखातली लाल रेघ

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो. पण मला आकाशात शोधू नका. धावपट्टीच्या टोकाला, कुंपणालगतच्या गवतात बघा. चार खुर्च्या आणि दोन पंख, एवढाच माझा संसार.

माझे मालक जनावरांचे डॉक्टर होते. आम्ही दूरदूरच्या गोठ्यांवर जात असू. एकदा वादळी वाऱ्यात उतरताना मी दाणकन आदळलो आणि डाव्या पंखाच्या आत केसाएवढी भेग पडली. डॉक्टरांनी ती माझ्या दुरुस्तीच्या वहीत नोंदवली. पंखाखालचं झाकण उघडून, भेग पुढे वाढली तर कळावं म्हणून तिच्या टोकाशी लाल मेणखडूने रेघ मारली, शेजारी तारीख घातली. दुरुस्तीशिवाय उडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सुटे भाग यायच्या आतच त्यांनी अंथरूण धरलं. ते पुन्हा आलेच नाहीत.

त्यांच्या मुलांनी मला एका दलालाकडे सोपवलं. माणूस हसरा, गोडबोल्या. त्याने ती वही वाचली आणि मुकाट्याने गाडीच्या डिकीत टाकली. मग मला नवा रंग लावला, त्या झाकणावरसुद्धा. खरं सांगतो, मी मनातून सुखावलो होतो.

एके सकाळी दोघी बहिणी आल्या. थोरली वैमानिक, धाकटी मेकॅनिक. नदीपलीकडच्या गावांतून आजारी माणसं आणायला त्यांना विमान हवं होतं.

"आजच काय ते सांगा, मॅडम. संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय," दलाल म्हणाला.

"दुरुस्तीची वही कुठंय?" थोरलीने विचारलं.

"घर बदलताना हरवली हो. पण आमच्या माणसाने इंजिनासकट सगळं तपासलंय."

थोरली आत बसली. दोन वर्षांनी कुणाचा तरी हात माझ्या सुकाणूच्या दांड्यावर आला. मला भरून आलं.

"ताई, उतर जरा," खालून धाकटी म्हणाली. "हे झाकण रंगाने चिकटलंय."

ती रंग खरवडू लागली. नको उघडूस गं, मी मनातल्या मनात विनवत होतो. हो मित्रांनो, त्या घटकेला मीही दलालाच्याच बाजूचा झालो होतो.

झाकण निघालं. टॉर्चच्या उजेडात लाल रेघ दिसली, डॉक्टरांच्या अक्षरातली तारीख दिसली.

"आधी सांगितलं असतंत तर आम्ही दुरुस्त करून घेतलं असतं," थोरली म्हणाली. "होतं हे दुरुस्त."

"मग आता करा ना!"

"आता? आता इंजिनाबद्दल तुम्ही सांगितलेलं तरी कसं खरं मानू?"

जाताना थोरलीने माझ्या नाकावरून हात फिरवला. धाकटीने झाकण मुद्दाम उघडंच ठेवलं.

त्यानंतर कुणी फिरकलं नाही. दलालानेही माझं नाव टाकलं. त्या आजारी माणसांना कुणी आणलं असेल का, याची मला अजून काळजी वाटते.

मित्रांनो, जुनी वस्तू कुणाच्या हाती द्याल तेव्हा तिचं दुखणंही सांगून द्या. तिला सांभाळणारं माणूस त्यातूनच मिळतं.

रंगाचे पोपडे उडालेत, गवत चाकांच्या वर आलंय. भेग मात्र अजून त्या लाल रेघेपाशीच आहे. तसूभरही पुढे सरकलेली नाही.